उताराचे पैसे धरलेले नाहीत

नगरच्या माणसाकडे चांगल्या कामासाठी पैसे मागा, तो नाही म्हणत नाही. तो 'बसा' म्हणतो. मग चहा येतो. संस्था कुठली, विश्वस्तांत आपल्यातलं कोण, गेल्या वर्षीचे पैसे कुठं गेले, अशी सविस्तर चौकशी होते. तिथून गाडी कांद्याच्या भावावर, कांद्यावरून उसाच्या पहिल्या हप्त्यावर आणि हप्त्यावरून राजकारणावर घसरते. आपण उठून पायांत चपला सरकवल्या की तो फाटकापर्यंत सोडायला येतो आणि प्रेमानं म्हणतो, "बघू." या 'बघू'ची पावती फाडता येत नाही.

हे ओळखूनच असेल, पण आमच्या ओळखीतल्या एका संस्थेनं गेल्या डिसेंबरात सायकल फेरी काढली. मुलींच्या वसतिगृहावर सोलर बंब बसवायचे होते. नगरच्या थंडीत पहाटे गार पाण्यानं अंघोळ म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या कामाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फेरी शंभर किलोमीटरची. नगरहून घोडेगाव, शिंगणापूर, तिथून सोनई, राहुरी आणि परत नगर. भाग घेणाऱ्यानं आपापले दाते गाठायचे आणि किलोमीटरमागे दर ठरवून घ्यायचा. पाच रुपये म्हणा, दहा म्हणा. जितकी सायकल माराल तितके पैसे.

आणि 'बघू' म्हणणारी माणसं एकदम खुर्चीत पुढे सरकून बसली. "कोण, तुम्ही? शंभर किलोमीटर?" शेजारच्या काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि किलोमीटरला पन्नास रुपये लावले. हा औदार्याचा झटका नव्हता, हिशेब होता. मी शेंडी बायपास ओलांडत नाही याची त्यांना खात्री होती. या योजनेची गंमतच ही आहे की दात्याची सगळी भिस्त तुमच्या पंक्चरवर असते. पुण्यकर्मात पैसे घालून वर 'हिची चेन पडू दे' अशी देवाला प्रार्थना करायची सोय दुसऱ्या कुठल्याही दानधर्मात नाही.

मूलभूत प्रश्न विचारला तो मामांनी. मामा म्हणजे नवऱ्याचे मामा, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त. खात्यातून निवृत्त, हिशेबातून नव्हे. लग्नकार्यात आहेराची वही आजही त्यांच्याकडेच असते. त्यांनी फेरीचा छापील कागद दोन्ही बाजूंनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पाणी मुलींना गरम पाहिजे. मग तापताय कशाला तुम्ही? द्यायचेत तेवढे पैसे देऊन टाका आणि रविवारी घरी झोपा."

प्रश्न बिनतोड होता. त्याचं मला सुचलेलं उत्तर फारसं उदात्त नाही. गरज पाहून पाकीट उघडत नाही, ओळखीच्या माणसाचा घाम पाहून उघडतं. वसतिगृहातल्या मुली दात्याला दिसत नाहीत. लाल झालेली, धापा टाकणारी, हेल्मेट तिरकं झालेली मी मात्र दिसते आणि हा देखावा पैसे देऊन पाहण्यासारखा असतो.

हे जगभर असंच चालतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार नावाच्या तरुणाची आई कर्करोगानं गेली. त्यानं १९८० साली छत्तीस जणांना घेऊन सायकल फेरी काढली आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी दहा हजार डॉलरच्या वर पैसे उभे केले. ती फेरी अजून दरवर्षी निघते आणि आता त्या दहा हजारांमागे शून्यं मोजावी लागतात. इंग्लंडात लंडन ते ब्रायटन अशी चौपन्न मैलांची फेरी असते. तिच्या शेवटाला, पाय पुरते कामातून गेल्यावर, डिचलिंग बीकन नावाची टेकडी लागते. आयोजक इंग्रज असोत की नगरी, चढ शेवटी ठेवायची अक्कल सगळीकडे सारखीच.

आपल्याकडेही हे नवं नाही. आपला देव तर घामाशिवाय काही घेतच नाही. अनवाणी या, दंडवत घालत या, पालखी घेऊन चालत या. नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकल वारी आमच्या नगरवरूनच जाते. आमच्या गावच्या स्नेहालयानं, म्हणजे १९८९ पासून वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं, नगर ते नोआखाली अशी थेट बांगलादेशापर्यंतची सायकल यात्रा काढली. आणि बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात भारत जोडो म्हणत शंभरावर तरुण पोरापोरींना सायकलींवर घालून कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेलं. बाबांची तेव्हा सत्तरी उलटलेली, पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हतं, म्हणून ते सोबतच्या गाडीत आडवे होऊन गेले.

ही शेवटची माहिती नवऱ्यानं घरी जेवताना दिली आणि सासूबाईंच्या हातातला घास थांबला. "म्हणजे बाबा आमटे स्वतः सायकलवर नव्हते?"

"नाही आई, गाडीत होते."

"मग मीही येते," असं म्हणून त्यांनी घास तोंडात घातला आणि विषय संपला.

अशा रीतीनं आमचं पथक तयार झालं. मी, नवरा, धाकटे दीर, धाकटी जाऊ, पुण्याहून सुट्टी काढून आलेली लेक, नववीतला पुतण्या आणि मागून भाड्याच्या ईकोत सासूबाई. शिवाय नणंद न्यू जर्सीत. तिनं किलोमीटरला एक डॉलर लावला होता आणि त्या बदल्यात आम्ही सगळ्यांनी फोनवर आपला ठावठिकाणा तिला सतत दिसेल असं करून ठेवायचं होतं.

भावजींकडे स्वतःची सायकल आहे. तिला सायकल म्हटलेलं त्यांना आवडत नाही, ते 'बाइक' म्हणतात. तिची किंमत किती हे घरात त्यांना आणि मला, दोघांनाच माहीत आहे आणि ती त्यांच्या बायकोला कळू नये म्हणून मी दिवाळीपासून त्यांच्याकडून हवी ती कामं करून घेते. सायकल कार्बनची, वजन साडेआठ किलो. तिला बांधायला आणलेली साखळी आणि कुलूप मिळून तीन किलो. नवऱ्याकडे त्याच्या वडिलांची काळी अॅटलस, मागे कॅरिअर, पुढे डायनामो. "हिच्यावरून बाबा तीस वर्षं झेडपीत गेले," असं तो अभिमानानं सांगतो. झेडपी घरापासून दीड किलोमीटरवर आहे.

पण खरी खळबळ उडाली ती पॅडच्या चड्ड्यांवरून. लांबच्या पल्ल्याला सीट टोचू नये म्हणून बुडाशी जाड गादी शिवलेली काळी, घट्ट चड्डी मिळते. लेकीनं पुण्याहून सगळ्यांसाठी आणल्या. नव्या कपड्याला खळ असते म्हणून सासूबाईंनी त्या धुऊन गच्चीत दोरीवर ओळीनं वाळत घातल्या. संध्याकाळी समोरच्या वहिनी दबक्या आवाजात विचारायला आल्या, "घरात कुणाचं काही ऑपरेशन झालंय का?" धाकट्या जावेनं ती चड्डी घालायला साफ नकार दिला. तिनं पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला बांधली आणि पुढे बास्केट असलेली भाड्याची सायकल घेतली. बास्केटमध्ये धपाटी, शेंगदाण्याची चटणी, संत्री, बाम आणि सुईदोरा. सराव तिनं एकही दिवस केला नाही. "भाजी आणायला जातेच की रोज," म्हणाली.

भुईकोट किल्ल्यापाशी पहाटे साडेपाचला जमायचं होतं. आम्ही जमलो. झेंडा दाखवायला येणारे पाहुणे जमले नाहीत. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या आणि संस्थेनं दिलेले सगळे टी-शर्ट एकाच मापाचे, त्यामुळे पुतण्याचा गुडघ्यापर्यंत आणि भावजींचा बेंबीपर्यंत. टी-शर्टावर पुढे 'अहिल्यानगर' आणि मागे, जुना साठा संपवायचा म्हणून, 'अहमदनगर'. शहराचं नाव २०२४ मध्ये बदललं, पण बोलताना सगळे पूर्वी नगरच म्हणत होते आणि आताही नगरच म्हणतात, त्यामुळे पुढून-मागून कोणाचंच काही अडलं नाही. नवरा मुलांना सांगत होता की याच किल्ल्यात १९४२ ते ४५ नेहरूंना कैदेत ठेवलं होतं आणि इथंच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. सव्वासहा वाजले तेव्हा लेक म्हणाली, "तेही पाहुण्यांचीच वाट बघत बसले असतील." पाहुणे आले, पाठोपाठ आणखी चार गाड्या आल्या. इंजिनं चालू ठेवून प्रदूषणावर भाषण झालं आणि झेंडा हलला.

सुरुवातीचा रस्ता म्हणजे निव्वळ फसवणूक. नगर उंचावर आहे. शेंडी गेलं, जेऊर गेलं की इमामपूरचा घाट लागतो आणि तो तुम्हाला उतरायचा असतो. पायडल न मारता सायकल पळते, कानांत वारं शिरतं, माणसाला वाटतं की आपण उगाच घाबरत होतो, आपल्यात मुळातच काहीतरी आहे. मी त्या उतारावर आयुष्यात प्रथमच भावजींना मागं टाकलं आणि मागं वळून हातही हलवला. पांढरीच्या पुलाला चहा प्यायला थांबलो तेव्हा आमचं अख्खं कुटुंब पुढच्या वर्षी कन्याकुमारीला जायच्या गोष्टी करत होतं. फक्त धाकटी जाऊ बशीत चहा ओतत म्हणाली, "जे उतरलो ते चढावंही लागेल ना कुठंतरी?" तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

घोडेगावच्या अलीकडे भावजींचं चाक बसलं. घोडेगाव म्हणजे कांद्याचा आणि जनावरांचा बाजार. तिथं रस्त्याकडेला पंक्चरवाला नसेल असं होत नाही. होता. ट्रॅक्टरच्या टायरवर बसून दात घासत होता. त्यानं भावजींची सायकल एका बोटानं उचलून पाहिली, "हलकी हाय," म्हणाला, आणि भावजींचा चेहरा उजळला. मग त्यानं व्हॉल्व्ह पाहिला. तो बारीक, लांब, सुईसारखा. पंपाचं तोंड त्याच्यावर बसेना. त्यानं दुसरं तोंड आणलं, तेही बसेना. ट्रकचं, ट्रॅक्टरचं, स्कूटरचं, मोटरसायकलचं, सगळी तोंडं झाली. शेवटी तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सायेब, पंक्चर काढतो, त्याचं काय नाय. पण हिच्यात हवा भरायला पुण्याला जावं लागंल."

भावजींकडे स्वतःचा छोटा पंप होता. तो त्यांनी काढला आणि भरायला लागले. दोनशे झटक्यांनंतर चाक जेमतेम गोल दिसायला लागलं आणि भावजींचे हात कापायला लागले. तेवढ्यात नवऱ्यानं, काहीच बिघडलेलं नसताना, केवळ दाखवायला म्हणून अॅटलसच्या चाकात हवा मारून घेतली. फस्स, फस्स, दोन झटके. "किती?" "ऱ्हाऊ द्या हो, बापाची गाडी दिसती." दोघा सख्ख्या भावांमध्ये यानंतर राहुरीपर्यंत बोलणं झालं नाही.

आता नवऱ्याच्या माहितीबद्दल सांगायला हवं. त्याला दम लागला की माहिती सुचते. 'थांबू या' असं तो कधीच म्हणत नाही. एकदम ब्रेक दाबतो, एक पाय खाली टेकवतो आणि क्षितिजाकडे हात करतो. नेवाशाचा किलोमीटरचा दगड दिसला, थांबला: "इथून पुढे नेवासं. ज्ञानेश्वरी तिथं सांगितली. शके बाराशे बारा." मग बराच वेळ शके बाराशे बारा. श्वास जागेवर आला की निघायचं. शिंगणापूरच्या फाट्याला वळल्यावर पुन्हा ब्रेक: "या गावात घरांना दारं नाहीत, माहिती आहे ना? २०११ मध्ये युको बँकेनं इथं बिनकुलपाची शाखा उघडली." आम्ही सगळे माना डोलवत उभे. त्याच्या ज्ञानाबद्दल इतकी वर्षं मी जे काही बोलले होते ते मी त्या सकाळी मनातल्या मनात मागं घेतलं, कारण मलाही थांबायचंच होतं.

शिंगणापुरात भावजींनी सवयीनं साखळी काढली आणि सायकल रसाच्या दुकानाच्या खांबाला बांधून कुलूप लावलं. खट्ट असा आवाज झाला. दुकानदार बाहेर आला. त्यानं कुलपाकडे पाहिलं, मग भावजींकडे पाहिलं. रागावला नाही. दुखावला. "साहेब, ह्या गावात?" एवढंच म्हणाला. आजूबाजूला दोन-चार माणसं जमली. तेवढ्यात ईकोतून सासूबाई उतरल्या आणि भर रस्त्यात लेकाला म्हणाल्या, "काढ ते. शनिमहाराजांच्या दारात कुलूप लावतोस? साडेसाती अंगावर ओढून घेशील." भावजींनी कुलूप काढलं. मग आम्ही सगळे दर्शनाला गेलो आणि ते सायकलच्या सीटवर हात ठेवून तिथंच उभे राहिले. दर्शन त्यांनी लांबूनच घेतलं, एक डोळा मिटून.

आत चौथऱ्यापाशी गेल्यावर मला थोडं उभं राहावंसं वाटलं. पूर्वी बायकांना या चौथऱ्यावर चढू देत नव्हते. २०१६ च्या पाडव्याला ती बंदी उठली. सासूबाईंना मी विचारलं, "आई, वर जायचं?" त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. "परवानगी मिळाली तेव्हा गुडघे गेले," म्हणाल्या आणि खालूनच हात जोडले.

तेलाचा किस्सा पुतण्याचा. त्याच्या सायकलची चेन इमामपूरपासून करकरत होती. देवाला वाहायला घेतलेल्या तेलाच्या बाटलीत तळाशी उरलेलं तेल त्यानं बाहेर येऊन गुपचूप चेनवर सोडलं. आजीनं पाहिलं. "अरे, शनीचं तेल ते!" पोरगं नववीतलं, म्हणालं, "आजी, तूच म्हणतेस ना, लोखंडही शनीचंच?" दुकानदार खदखदून हसला आणि आणखी एक बाटली फुकट देऊन गेला. चेन घरापर्यंत वाजली नाही. हा शनीचा प्रताप की सरकीचा, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.

सोनईच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या. सोनईला मुळा कारखाना आहे आणि डिसेंबर म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. ट्रॅक्टरला एकामागं एक दोन ट्रॉल्या, वर दुमजली ऊस आणि टपावर लावलेल्या भोंग्यातून अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं गाणं. ट्रॅक्टर आमच्याहून जेमतेम जोरात जात होता, त्यामुळे एकच गाणं आम्हाला पुरं दोनदा ऐकावं लागलं. ड्रायव्हरला दया आली. मान बाहेर काढून ओरडला, "धरा की मागं!" आम्ही मोठी माणसं 'छे छे' म्हणेपर्यंत पुतण्यानं ट्रॉलीचा दोर धरला होता. पोरगं फुकट सरकत चाललंय, एका हातानं ऊस उपसतंय आणि मागं त्याची आई, सबंध दिवसात पहिल्यांदाच वेग वाढवून, "सोड म्हणते ना!" असं ओरडत त्याला गाठायला निघालीय. तिनं गाठलं. कान धरूनच थांबवलं. ऊस मात्र काढून घेतला नाही, बास्केटमध्ये उभा ठेवला.

सोनई ते राहुरी या रस्त्यावर शिर्डी-शिंगणापूर करणाऱ्या भाविकांसाठी रसवंत्या आहेत. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, बैलाच्या गळ्यात घुंगरू. बसमधली माणसं उतरतात, बैलाबरोबर फोटो काढतात, रस पितात आणि जातात. आम्ही बाकावर बसलो ते बसलोच. समोर बैल गोल गोल फिरत होता. सकाळपासून चालतोय आणि पोचला कुठंच नाही. आमचंही काही वेगळं नव्हतं, फक्त त्याचा घेर लहान होता आणि त्याच्यामुळे निदान रस तरी निघत होता. सगळे आपापल्या पेल्यात पाहत होते. फोन वाजला. न्यू जर्सीत मध्यरात्र.

"वहिनी, तुमचे ठिपके हलत नाहीयेत."

"रस पितोय."

"पाऊण तास?" मग जरा थांबून, नणदेच्या अस्सल आवाजात, "मी डॉलर लावलेत हं."

राहुरीला मामा भेटले. ठरलेलं नव्हतं. स्कूटर स्टँडवर लावून, डोक्याला मफलर गुंडाळून, हातात वही घेऊन चौकात उभे होते. "म्हटलं, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही कशी करणार?" त्यांनी प्रत्येकाला विचारलं, लिहून घेतलं. पुतण्या खोटं बोलत नाही, हा त्याच्या संगोपनातला दोष आहे. त्यानं ट्रॉलीचं सांगून टाकलं. मामांनी एक किलोमीटर वजा केला. मग त्यांनी पेन थांबवलं. "इमामपूरचा घाट उतरलात तेव्हा पायडल मारत होतात का?"

कुणी बोलेना.

"मग तो धरता येणार नाही. उतारात कष्ट कुठले? ती पृथ्वीची ओढ. पृथ्वीला पैसे द्यायचे तर द्या तिला." आणि त्यांनी आणखी एक आकडा लिहून त्याच्यामागे उणे चिन्ह काढलं.

तिथून पुढचा रस्ता मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. कृषी विद्यापीठाच्या फाटकाशी नवरा थांबला: "स्थापना १९६८. हुरड्यासाठी ज्वारीचं खास वाण काढलंय यांनी, फुले मधुर." हुरडा म्हटल्यावर सगळ्यांच्या पोटात खड्डा पडला. रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी मी लिहीत नाही. नगर-मनमाड रस्त्यावर लिहायचं तर त्याला ग्रंथ हवा. देहरे कधी गेलं कळलं नाही. आणि मग समोर विळदचा घाट उभा राहिला.

एरवी मोटारीतून जाताना हा घाट आहे हेसुद्धा लक्षात येत नाही. एसटीत तर तिथं माणसं डुलक्या काढतात. सायकलवर मात्र त्याची एकेक इंच ओळख होते. शेजारून मामा. स्कूटर पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल इतक्या वेगानं, आणि सतत बोलणं. "या, या. वजन पुढं टाका. आमच्या काळात घोडनदीला जायचो सायकलवर, डबल सीट." लेकीनं धापा टाकत विचारलं, "मामाआजोबा, उताराचे कापलेत, मग चढाचे दुप्पट लावा." मामा म्हणाले, "चढ मूळ दरात धरलेला आहे." साखर कारखाना यांच्या हातात इतकी वर्षं कसा चालला याचा उलगडा मला त्या क्षणी झाला.

निम्म्यात नवरा थांबला. आम्ही सगळे आशेनं थांबलो. त्यानं डावीकडे हात केला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "दौंड-मनमाड रेल्वे... अठराशे अठ्ठ्याहत्तर..." आणि पुढे काही येईना. आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याच्याकडची माहिती संपलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिथून तो अॅटलस हातात धरून चालत वर आला. भावजींनी मागं वळून पाहिलं, उतरले, आणि स्वतःची कार्बनची सायकल हातात धरून त्याच्या शेजारून चालू लागले. "हिला हलकी असल्याचा हाच फायदा," एवढंच म्हणाले. घाटाच्या माथ्याजवळ मोठं रुग्णालय आहे. ते दिसल्यावर सगळ्यांना जरा धीर आला.

वर पोचलो तर कठड्यावर धाकटी जाऊ बसलेली. केव्हाची. बास्केटमधला ऊस सोलून खात होती. न थांबता, एकाच चालीनं, भाजी आणायला गेल्यासारखी ती पूर्ण घाट चढून आली होती. "तुम्ही सगळे चढावर जोर लावता," म्हणाली. "मी नुसतं पायडल मारते."

किल्ल्यापाशी परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाले. शेजारचे काका मुद्दाम आले होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता, कारण पन्नास गुणिले शंभर हा हिशेब तोंडी होतो. मामांनी मात्र वही उघडली. जमेच्या बाजूला एकूण अंतर, वजा ट्रॉली, वजा इमामपूर उतार, वजा हातात सायकल धरून चाललेलं. मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहून म्हणाले, "तसं बघायला गेलं तर निघालात किल्ल्यापासून आणि आलात किल्ल्यापाशी. पुढं काय गेलात? शून्य. तरी मी तसं लावत नाहीये."

ईकोचं दार उघडलं. सासूबाई हळूहळू उतरल्या. हातात त्यांची पिशवी आणि पिशवीत भजनी मंडळाची वही. आमच्यापैकी कुणालाही त्यांनी कळू दिलं नव्हतं. मंडळातल्या प्रत्येक बाईकडून त्यांनी किलोमीटरला एक रुपया घेतला होता, शिवाय वरचे शकुनाचे. बाकीच्या बायांना काय सांगितलं? "गुडघे असे, तरी दिवसभर गाडीत बसून पोरांच्या मागं जाणार आहे, बाबा आमट्यांसारखी." बेरीज झाली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त रक्कम त्यांची निघाली. घामाबद्दल मी मांडलेला सगळा सिद्धान्त त्या एका वहीनं निकालात काढला, कारण बाईंच्या कपाळावर थेंब नव्हता.

त्यांनी धाकट्या भावाच्या हातातली वही घेतली, उणे चिन्हांवरून बोट फिरवलं. "काय रे, तू नगरहून राहुरीला आलास तो विळदचाच घाट उतरून ना?"

"हो ताई."

"उतारावर स्कूटर बंद करून सोडलीस?"

मामा गप्प.

"मग वाचलेलं पेट्रोल कुठल्या बाजूला लिहिलंस?"

मामांनी खिशातून चेकबुक काढलं. पूर्ण शंभर किलोमीटरचे लावले, आमच्या सगळ्यांचे, वर एक रुपया. चेक 'अकाउंट पेयी' केला, दोन आडव्या रेघा ओढल्या, सही केली, सहीवर फुंकर मारली आणि संस्थेच्या मुलीला म्हणाले, "पावती ऐंशी-जीची द्या. आणि त्यात उताराचे पैसे वेगळे दाखवा. ते मी स्वखुशीनं देतोय."

मुलीनं पावतीपुस्तकात पाहिलं. उतारासाठी रकाना नव्हता. तिनं 'इतर' मध्ये लिहिले.